सांबराची गोळी, काळविटाची गोळी

बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, खानापूर तालुक्यातील जांबोटी, कणकुंबी आणि तळेवाडीच्या परिसरात, सह्याद्रीचे दाट, ओले रान पसरलेले आहे; तोच जिल्हा पूर्वेला सौंदत्ती, गोकाक आणि अथणीकडे सरकताना उघड्या, कोरड्या माळाचा होतो; आणि निपाणी या दोन टोकांच्या मध्ये, वेदगंगा-दूधगंगेच्या खोऱ्यातील तंबाखूच्या काळ्या जमिनीत, जुन्या कोल्हापूर संस्थानच्या शिवेला लागून वसलेली आहे. हरणाच्या शिकारीला कोणते काडतूस परिणामकारक, या प्रश्नाला त्यामुळे या मुलखात कधीच एक उत्तर नव्हते. पश्चिमेच्या रानातला शिकारी आणि पूर्वेच्या माळावरचा शिकारी यांच्यामध्ये शंभर-दीडशे किलोमीटरचेच अंतर असले तरी त्यांच्या गरजा जवळजवळ उलट होत्या, आणि दोघांच्याही निवडीवर सरकारी कायद्याचा हात इतका जड होता की बंदूक बनविणाऱ्या कंपन्यांच्या सूचिपत्रांतील आकड्यांना फारशी किंमत उरत नसे. आज हरणाची शिकार हा देशभर गुन्हा असल्यामुळे पुढील विवेचन या प्रदेशापुरते इतिहासाचे आहे. त्यातील भौतिकशास्त्र मात्र जुने झालेले नाही.

शिकारी ज्यांना सरसकट हरणे म्हणत, त्यांत प्राणिशास्त्राच्या दृष्टीने वेगवेगळी कुळे मिसळलेली होती. सांबर, चितळ आणि भेकर हे खरे मृग, म्हणजे ज्यांच्या नरांची शिंगे गळून पुन्हा येतात असे प्राणी; काळवीट, चिंकारा आणि चौशिंगा हे कुरंग, ज्यांची शिंगे जन्मभर टिकतात; आणि पिसोरी या दोन्हींहून वेगळी. काडतुसाच्या दृष्टीने कुळापेक्षा वजन महत्त्वाचे, आणि तेथे तफावत प्रचंड आहे. पूर्ण वाढलेला सांबर नर २०० ते २५० किलोचा भरतो, चितळाचा नर ७० ते ९० किलोचा, काळवीट ३५ ते ४५ किलोचा, भेकर २० ते २८ किलोचे, आणि पिसोरी तर जेमतेम ३-४ किलोची. एका टोकाला म्हशीच्या पारड्याहून जड जनावर आणि दुसऱ्या टोकाला सशाहून थोडे मोठे, अशा सावजांना एकच गोळी योग्य ठरेल, असे कोणत्याही जाणकाराने कधी म्हटलेले नाही.

काडतुसाचे चार भाग असतात: पितळी कवच, त्याच्या बुडाशी बसवलेली ठिणगी देणारी टोपी, कवचात भरलेली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढल्यावर टोपी पेटते, दारूचा क्षणार्धात वायू होतो आणि त्याच्या दाबाने गोळी नळीतून बाहेर पडते. रायफलीच्या नळीत आतून पीळदार खाचा असल्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि म्हणूनच तिची दिशा टिकते. गोळीचे वजन आजही ग्रेनमध्ये सांगतात. एका पौंडाचे ७,००० ग्रेन होतात, म्हणजे एक ग्रेन सुमारे ०.०६५ ग्रॅम.

गोळी जनावराला धक्क्याने खाली पाडते, हा समज जितका जुना तितकाच चुकीचा आहे, आणि साधा हिशेब तो पुरता खोटा ठरवतो. भारतात पुढे सर्वांत रुळलेल्या .३१५ काडतुसाची गोळी १५.८ ग्रॅमची असून ती नळीतून सेकंदाला सुमारे ६२० मीटर वेगाने निघते. ती सगळीच्या सगळी २२० किलोच्या सांबरात अडकली असे धरले, तरी त्या धक्क्याने सांबर सेकंदाला साडेचार सेंटिमीटर एवढाच सरकेल. जनावर मरते ते हृदय, फुप्फुसे किंवा त्यांच्या मोठ्या रक्तवाहिन्या फाटून मेंदूकडचा रक्तपुरवठा तुटल्यामुळे, अथवा मेंदू आणि मज्जारज्जू यांना थेट इजा झाल्यामुळे. याचा अर्थ असा की परिणामकारक काडतुसाकडून दोनच गोष्टींची अपेक्षा असते: गोळीने कातडी, स्नायू आणि प्रसंगी खांद्याचे हाड भेदून आत पोहोचावे, आणि आत पोहोचल्यावर पुरेशा रुंदीची जखम करावी. या दोन अपेक्षा एकमेकींच्या विरोधात जातात, कारण जी गोळी लवकर पसरते ती खोल जात नाही, आणि जी खोल जाते ती सहसा पसरत नाही. शिकारी काडतुसाचा सगळा इतिहास या ओढाताणीचा आहे.

एकोणिसाव्या शतकात या भागातील गावोगाव दिसणारे हत्यार म्हणजे ठासणीची बंदूक. तिच्यात तोंडाकडून दारू, चिंधी आणि शिशाची गोळी किंवा छरे ठासून भरत, आणि तिचा भरवशाचा टप्पा पन्नास पावलांपलीकडे क्वचितच जात असे. बेळगावच्या छावणीतील गोरे अधिकारी त्या काळात काळ्या दारूच्या एक्स्प्रेस रायफली वापरीत. हलकी, टोकाशी पोकळ गोळी भरपूर दारूने वेगात सोडायची, ही एक्स्प्रेस रायफलीमागची कल्पना. चितळ आणि काळविटावर ती उत्तम चाले, पण सांबराच्या खांद्यावर हीच पोकळ गोळी वरच्या वर फुटून जाई आणि जनावर उथळ जखम घेऊन रानात नाहीसे होई. काळ्या दारूचा दुसरा दोष धुराचा होता. पावसाळ्यानंतरच्या दमट, वारा नसलेल्या रानात बार उडाल्यावर पांढरा धूर शिकाऱ्याच्या तोंडासमोर तसाच लोंबकळत राही, आणि गोळी लागली की नाही, जनावर कोणत्या बाजूला गेले, हे पाहण्याची महत्त्वाची वेळ त्यातच निघून जाई.

१८८९ मध्ये ब्रिटनमध्ये कॉर्डाइट ही जवळजवळ बिनधुराची दारू तयार झाली आणि सगळी गणिते बदलली. तिच्या वाढलेल्या वेगाला नुसते शिसे टिकेना, म्हणून गोळीवर धातूचे वेष्टण लागे. लष्कराच्या .३०३ रायफलीची अशी पूर्ण वेष्टणाची गोळी वायव्य सरहद्दीवरच्या लढायांत शत्रूच्या अंगातून सरळ पार होऊ लागली आणि जखमी माणूस चालून येतच राहिला, अशी तक्रार झाल्यावर कलकत्त्याजवळील डमडमच्या शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकाशी शिसे उघडे ठेवलेली गोळी बनवली. 'डमडम' हे नाव जगभर कुप्रसिद्ध झाले आणि १८९९ च्या हेग परिषदेने अंगात पसरणाऱ्या गोळ्यांना युद्धात मनाई केली. येथे एक उलटी वाटणारी पण पूर्णपणे तर्कसंगत गोष्ट घडली. जी गोळी माणसावर झाडणे अमानुष ठरले, तीच गोळी हरणावर झाडणे दयेचे ठरले, कारण युद्धात शत्रूला निकामी करणे पुरेसे असते, तर शिकारीत जनावर तत्काळ न मरता तडफडत राहणे हीच खरी क्रूरता असते. वेष्टणातून शिशाचे टोक उघडे असलेल्या या गोळीला शिकारी 'सॉफ्ट नोज' म्हणू लागले, आणि आजही जगात हरणासाठी पूर्ण वेष्टणाची लष्करी गोळी अयोग्य मानली जाते.

कोणते काडतूस विकत मिळेल हे मात्र सरकार ठरवीत असे. हिंदुस्थानात शस्त्रास्त्रांचा कायदा १८७८ पासून लागू होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, सरहद्दीवरच्या टोळ्यांच्या हाती असलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलींना उपयोगी पडू नये म्हणून, सरकारने .४५० बोअरचे, म्हणजे .४५० इंच आतील व्यासाच्या नळीचे, काडतूस देशात आणण्यावर बंदी घातली. परिणामी इंग्लंडमधील बंदूकवाल्यांनी मुख्यतः या बाजारपेठेसाठी .४७० आणि .४६५ अशी नवी काडतुसे काढली, ज्यांत बोअरच्या आकड्याखेरीज फारसे काही वेगळे नव्हते. त्याच तर्काने सामान्य नागरिकाला .३०३ बाळगण्याची मनाई होती, कारण ती फौजेची गोळी. मग जी गोळी इंग्रजी फौज वापरत नाही अशी एखादी शोधताना ऑस्ट्रियन सैन्याच्या मॅनलिखर रायफलीच्या आठ मिलिमीटर काडतुसावर बोट ठेवले गेले, आणि ते .३१५ या नावाने हिंदुस्थानी शिकाऱ्याचे काडतूस बनले. कोणत्याही सांबराच्या छातीचे माप घेऊन ही निवड झालेली नव्हती; तरीही ती सांबराला फिट बसली, हा योगायोग. स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या रायफल कारखान्याने ली-एन्फिल्डच्या धर्तीवर .३१५ ची शिकारी रायफल बनवली, तिची काडतुसे पुण्याजवळच्या, १८६९ मध्ये स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होत राहिली, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यानेही मनाई बोअर आणि मुभा असलेला बोअर हा जुना भेद कायम ठेवला.

काडतुसाच्या निवडीत भूगोल कसा शिरतो, हे खानापूरच्या रानात सर्वांत स्पष्ट दिसते. तेथे सांबर दिसतो तो पहाटे किंवा सांजेला, कारवीच्या आणि बांबूच्या जाळीतून, चाळीस ते ऐंशी मीटरांवर, आणि दिसतो तो बहुधा एखाद्या क्षणापुरता. इतक्या जवळून गोळीचा वेग फार महत्त्वाचा नसतो; महत्त्वाचे असते वजन, म्हणजे खांद्याचे हाड फोडूनही फुप्फुसापर्यंत जाण्याची ताकद. २४४ ग्रेनची .३१५ त्यासाठी पुरेशी होती, आणि ज्यांना परवडे ते १९१२ मध्ये हॉलंड अँड हॉलंडने काढलेली .३७५ मॅग्नम घेत, जिची ३०० ग्रेनची गोळी सुमारे ५,७०० जूल ऊर्जा घेऊन निघते, म्हणजे .३१५ च्या जवळजवळ दुप्पट. हरणासाठी एवढी ताकद अनावश्यकच. पण ज्या रानात सांबराच्या मागावर असता गवा किंवा अस्वल समोर येऊ शकते, तेथे शिकारी केवळ हरणाचा विचार करून बंदूक निवडत नसे. जड, बोथट गोळी जाळीतल्या काटक्या कापत सरळ जाते, ही त्या काळची लाडकी समजूत मात्र बरीचशी भाबडी आहे. काटकीला लागून कोणतीही गोळी वळते. जड गोळी थोडी कमी वळते, इतकेच.

पूर्वेच्या माळावर प्रश्न नेमका उलटा होता. काळविटाला आडोसा लागत नाही; ते उघड्यावर उभे राहते आणि शंका येताच ताशी ७०-८० किलोमीटर वेगाने पळते. पायी चालत येणाऱ्या माणसाला ते जवळ येऊ देत नाही, पण शेतकऱ्याच्या बैलगाडीला बिचकत नाही, म्हणून शिकारी गाडीच्या आडून पुढे सरकत. तरीही दीडशे-दोनशे मीटरांवरून नेम धरावा लागे, आणि ज्या जागी गोळी लागली पाहिजे ती काळविटाच्या छातीतील जागा वीतभरही नसते. दोनशे मीटर जाईपर्यंत .३१५ ची संथ, बोथट गोळी नळीच्या सरळ रेषेखाली ६५ सेंटिमीटरांच्या आसपास उतरते. अमेरिकन लष्कराच्या १९०६ च्या काडतुसावरून आलेली .३०-०६ घेतली, तर १८० ग्रेनची गोळी सेकंदाला ८२० मीटरांनी निघून तेवढ्याच अंतरावर सुमारे ३५ सेंटिमीटर उतरते. अंतराचा अंदाज वीस-तीस मीटरांनी चुकला तरी या सपाट मार्गाच्या गोळीने जनावर चुकत नाही किंवा, त्याहून वाईट, पोटात जखमी होत नाही. म्हणूनच माळावरच्या शिकाऱ्यांना .२७५ रिग्बीसारखी हलकी, वेगवान गोळी प्रिय होती. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली रायफल याच बोअरची होती. ते मूळचे १८९२ चे जर्मन माउझर काडतूस, इंग्रजी नाव लावून विकलेले.

निपाणीच्या पलीकडे, कोल्हापूर दरबारात, काळविटासाठी गोळीच लागत नसे. छत्रपती शाहू महाराजांच्या काळापासून तेथे शिकवलेल्या चित्त्यांकरवी काळविटाची शिकार होई, आणि देशी चित्ता दुर्मीळ झाल्यावर आफ्रिकेतून चित्ते आणवून ही परंपरा १९४० च्या दशकापर्यंत चालवली गेली. संस्थानची हद्दही सलग नव्हती. रायबाग आणि कटकोळसारखे कोल्हापूरचे तुकडे बेळगाव जिल्ह्याच्या इंग्रजी मुलखात विखुरलेले होते, त्यामुळे एकाच माळावर चालताना परवाना देणारे सरकार बदलत जाई. दरबारचे एक राखीव शिकाररान म्हणजे राधानगरीजवळचे दाजीपूर. तेथे गवा आणि सांबर होते, चित्त्याचा उपयोग नव्हता आणि जड रायफलीच चालत. १९५८ मध्ये त्याचे अभयारण्य झाले.

सूचिपत्रांतल्या या नामांकित काडतुसांपेक्षा प्रत्यक्षात हरणांवर सर्वाधिक झाडले गेलेले हत्यार बहुधा रायफल नव्हतेच. ती होती बारा बोअरची दोनळी बंदूक, जिच्या नळीत आत खाचा नसतात आणि जिचा 'बारा' हा आकडा एका पौंड शिशाच्या समान बारा गोळ्यांपैकी एकीच्या व्यासावरून, म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटरवरून आला आहे. ती स्वस्त, परवान्याला सोपी, आणि पाखरांपासून डुकरापर्यंत सगळ्यांवर चालणारी. हरणासाठी तिच्यात एल. जी. किंवा एस. जी. नावाची, थोड्या पण मोठ्या छऱ्यांची काडतुसे घालत. तीस-पस्तीस मीटरांपर्यंत ती भेकर पाडतात. त्यापलीकडे छरे इतके पांगतात की एखाद-दुसराच लागतो. हाक्यात रान उठवल्यावर साठ मीटरांवरून धावत्या सांबरावर दोन्ही नळ्या रिकाम्या करणे ही त्या काळची सर्वांत वाईट आणि सर्वांत सार्वत्रिक सवय होती, आणि तिने किती जनावरे जखमी होऊन घळीत सडली याचा हिशेब कोणीच ठेवला नाही. उलट, चांगला शिकारी बार उडवल्यावर लगेच धावत जात नसे. तो थांबे, मग रक्ताचा माग काढी. फेसाळ, गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस लागले. गडद, शेणाच्या वासाचे म्हणजे पोट, आणि मग काही तासांची वाट.

सांबर आणि चितळ यांच्यासाठी कायदेशीर काडतूस कोणते, या प्रश्नाचे आजचे उत्तर शोधायचे तर ऑस्ट्रेलियात जावे लागते. तेथे एकोणिसाव्या शतकात आशियातून नेऊन सोडलेली ही हरणे इतकी वाढली की व्हिक्टोरिया राज्याने त्यांच्या शिकारीचे नियम केले. सांबरासाठी किमान .२७० इंच बोअर आणि १३० ग्रेनची गोळी, चितळासाठी किमान .२४३ इंच आणि ८० ग्रेनची. इंग्लंडचा १९९१ चा हरीण कायदा बहुतेक हरणांसाठी .२४० इंच बोअर आणि १,७०० फूट-पौंड ऊर्जा मागतो, तर जर्मनीत गोळी शंभर मीटरांवर पोहोचताना तिच्यात शिल्लक राहिलेली ऊर्जा मोजतात: लहान रो हरणासाठी १,००० जूल, त्याहून मोठ्या खुरी जनावरांसाठी २,०००. जर्मन पद्धत अधिक शास्त्रशुद्ध आहे, कारण जनावराला गोळी लागते ती नळीच्या तोंडाशी नव्हे, दूर. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीवर पूर्ण बंदी घातली आहे, कारण फुटलेल्या गोळीचे कण मांसात राहतात आणि ते खाणाऱ्या गिधाडांना विषबाधा होते. तेथे आता तांब्याच्या गोळ्या वापरतात.

या सीमाभागात मात्र तो अध्याय टप्प्याटप्प्याने मिटला. १९५१ च्या मुंबई राज्याच्या वन्यप्राणी संरक्षण कायद्याने शिकारीवर परवान्याची बंधने आणली. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात होते, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते म्हैसूर राज्यात गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला सर्वोच्च संरक्षण दिले, तरी सांबर आणि चितळ यांच्यासाठी परवान्याची फट कागदोपत्री शिल्लक होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने बुजली. २०११ मध्ये खानापूर तालुक्यातील रानाला भीमगड अभयारण्याचा दर्जा मिळाला. पिकांच्या रक्षणासाठी शेतकऱ्याला बंदुकीचा परवाना आजही मिळू शकतो, पण शस्त्र कायदा त्यासाठी मुख्यतः ठासणीची बंदूकच गृहीत धरतो, आणि तो परवाना म्हणजे हरीण मारण्याची परवानगी नव्हे.

बेळगाव, निपाणी आणि खानापूरकडच्या काही जुन्या घरांत आजोबांची .३१५ किंवा दोनळी आणि तिच्यासोबत काडतुसांचा डबा अजून असू शकतो. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर ते हत्यार आणि ती काडतुसे वारसांनी जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे विनाविलंब जमा करावी लागतात, आणि ठेवायची असल्यास आपल्या नावाने नवा परवाना मागावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनपेक्षा जास्त बंदुका बाळगता येत नाहीत.